आपल्या विनंतीवरून

पत्र मोबाइलवर आलं तेव्हा अंबिका भालकीच्या शाळेत आठवीच्या मुलींना रांगेत उभं करत होती. जिल्हा कबड्डी पंच मंडळाच्या नव्या हंगामाच्या नेमणुका आज येणार, हे तिला ठाऊक होतं. सकाळपासून तिनं फोन चार वेळा काढून पुन्हा पर्समध्ये टाकला होता. यादीत ‘मैदानावरील पंच’ या मथळ्याखाली बावीस नावं होती आणि त्यांत तिचं नव्हतं. खाली गुणलेखकांत, तिसऱ्या क्रमांकावर होतं. तिला वाटलं, टंकलेखनाची चूक असेल. नावं वरची खाली होतात. मग यादीच्या मागून तिच्या एकटीच्या नावचं पत्र आलं. मंडळाचा शिक्का, सचिवांची सही आणि कन्नडमधल्या तीन ओळी. सातवीपर्यंत ती मराठीतच शिकलेली. कन्नड वाचताना तिचे ओठ अजून हलायचे. निम्म कोरिकेय मेरेगे. तिनं ते दोनदा वाचलं आणि मग मनातल्या मनात मराठी केलं. आपल्या विनंतीवरून. आपल्या विनंतीवरून आपणांस मैदानावरील कामातून मुक्त करण्यात येत आहे. रांगेतल्या मुली तिच्याकडं पाहत होत्या. कमी केलं असतं तर तिला राग आला असता, तो तिच्या सवयीचा होता. पण विनंती? तिनं मुलींना मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला सांगितल्या आणि त्या परत आल्या तेव्हा पुन्हा दोन.

सगळ्यात वाईट म्हणजे, तिला लगेच ‘मी असं काही केलेलं नाही’ असं म्हणता आलं नाही. दिवसभर ती आठवत राहिली. गेल्या पावसाळ्यात तिचा उजवा गुडघा सुजला होता, आणि एका संध्याकाळी मिठाच्या पाण्याचा शेक घेताना ती नवऱ्याला, मल्लेशला म्हणाली होती, आता टेबलावर बसून गुण लिहावेत असं वाटतंय, पळणं बास झालं. म्हणाली होती ती. घरात, चार भिंतींत, मल्लेश तेव्हा कारखान्याच्या पाळीवरून येऊन हात धूत होता. तेवढंच. दुसऱ्या आठवड्यात सूज उतरली आणि ती पुन्हा मैदानात उतरली. पण मनातला तो एक थकलेला क्षण कुणीतरी ऐकला, टिपून घेतला आणि त्याला शिक्का मारून परत पाठवला, असं तिला वाटत राहिलं. भाकरी थापताना तिचा हात मधेच थांबला. माणूस स्वतःविषयी विसरेल ते मंडळाच्या कपाटात राहत असेल का? तिला एकोणचाळिसावं लागलं होतं. राज्य पंच परीक्षेला चाळिशीच्या आत बसावं लागतं, आणि त्याआधीचे सलग दोन हंगाम मैदानावर, अंतिम सामन्यांपर्यंत, काढलेले असावे लागतात. एक झाला होता. हा दुसरा होता. तिसऱ्याला वय उरत नव्हतं.

“तू खरंच लिहून दिलंस का?” मल्लेशनं जेवताना विचारलं.

“न्हाई.”

“मग चुकीनं झालं असंल. फोन कर की सचिवांना.”

“चूक न्हाई ती,” ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिला कमलनगर दिसलं. चार महिन्यांपूर्वीचा अंतिम सामना, शेवटची चढाई, एका गुणाचा फरक. मंडळाच्या उपाध्यक्षांच्या संघाचा चढाईपटू पकडीतून सुटून मध्यरेषेवर पालथा पडला आणि लोक मैदानात घुसले. पण त्याआधी, कुणाचा स्पर्शही झालेला नसताना, त्याचा डावा पाय बाजूच्या राखीव पट्ट्यात पडला होता, आणि स्पर्शाआधी तिथं पाय म्हणजे बाद. बोटभर नाही, चांगला पाऊण पाऊल. तिनं ते पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे तिच्या डोळ्यांच्या आधी पोटाला कळलं होतं, तसं कळायला वीस वर्षं जातात. तिनं त्याला बाद दिलं. उपाध्यक्ष खुर्चीवरून उठून गेले. सामन्यानंतर सचिव गुरुबसव तिच्याजवळ आले आणि अहवालात ‘निर्णयाबाबत संदेह’ एवढं लिहा म्हणाले. तिला संदेह नव्हता, म्हणून तिनं लिहिलं नाही. त्यावर ते हसले होते. “बरं, राहू द्या अक्का,” म्हणाले होते. ते राहिलं नव्हतं, हे तिला आता कळत होतं. चार महिने ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलं होतं आणि वाटेत त्याचा राग जाऊन त्याची विनंती झाली होती.

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती बिदरला गेली. मंडळाची कचेरी म्हणजे मैदानाच्या पायऱ्यांखालची एक खोली; छत उतरतं, त्यामुळं आतल्या भिंतीशी बसणाऱ्या माणसाला उभं राहताना मान वाकवावी लागते. तिथं लेखनिक शिवय्या बसायचा. पंधरा वर्षं तसं उठून बसून त्याची मान बाहेरही थोडी वाकलेलीच असायची. तिनं आपला अर्ज पाहायला मागितला. शिवय्यानं आधी पाणी दिलं, मग चहा सांगितला, मग सचिव येऊ द्या म्हणाला. ती बाकावर बसून राहिली. वर पायऱ्यांवर पळायचा सराव करणारी पोरं चढत-उतरत होती आणि त्यांच्या पावलांचा धबधब आवाज थेट डोक्यात उतरत होता. या खोलीत ती पहिल्यांदा आली तेव्हा पंचवीस वर्षांची होती. त्याच्याही आधी तिचे वडील, काशाप्पा, मेंढरं हुलसूरच्या अंगाला चारायला नेलेली असताना एकदा तिचा शाळेचा सामना बघायला आले होते. हातात काठी, खांद्यावर घोंगडं. सगळा सामना त्यांनी मैदानाच्या आखणीपासून दोन हात लांब उभं राहून पाहिला. उभ्या जन्माची, दुसऱ्याच्या बांधाला जपून चालायची सवय. नंतर त्यांनी विचारलं होतं, “ही फक्कीची पांढरी रेघ कुणी ठरवली गं?” ती म्हणाली, सगळ्यांनी मिळून. त्यावर ते रेघेकडं बघत म्हणाले होते, “हे बरं हाय.” वडील जाऊन नऊ वर्षं झाली. सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या त्या रेघेपाशी उभं राहायला मिळावं म्हणून आपण पंच झालो, असं तिला त्या बाकावर बसल्या बसल्या वाटलं. आजवर तिनं कुणालाही ते तसं सांगितलं नव्हतं.

गुरुबसव अडीचला आले. स्वच्छ माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. त्यांनी स्वतःच फाइल काढून तिच्यापुढं ठेवली. पांढरा कागद, वरच्या भागात कन्नडमध्ये टंकलेल्या पाच ओळी, आणि खाली, बऱ्याच खाली, तिची सही. मजकूर आणि सही यांच्यामध्ये चार बोटांची मोकळी जागा होती. सही तिचीच होती. जांभळ्या शाईची. ती शाई तिनं ओळखली: जूनमध्ये शाळेचे दाखले लिहायला आणलेलं पेन. आणि त्या चार बोटांच्या कोऱ्या जागेकडं पाहता पाहता तिला सगळं समजलं. दर जूनमध्ये नोंदणीचा फॉर्म, दोन फोटो आणि तळाशी सही केलेला एक कोरा कागद द्यायचा, अशी मंडळाची रीतच होती. ऐनवेळी काही लिहून द्यायची वेळ आली तर भालकीहून, हुलसूरहून, औरादहून पंचांना धावत यायला लागू नये म्हणून. सोय. सगळे देत. तिनं चौदा वेळा दिला होता. आणि मधली तीन वर्षं ती महिला पंचांची प्रतिनिधी होती, तेव्हा नव्या मुलींकडून ते कागद तिनंच गोळा केले होते.

“सही तुमचीच हाय न्हवं अक्का?” गुरुबसव म्हणाले.

“सही माझी हाय. अर्ज माझा न्हाई.”

“असं कसं वेगळं करता येतंय?” ते खरंच समजून घेत असल्यासारखे म्हणाले. “हे बघा. कामून डोस्क्याला ताप करून घ्यायलात? एक साधा अर्ज द्या. पूर्वी केलेली विनंती मागं घेते म्हणून. सोमवारी तुमचं नाव मैदानाच्या यादीत. मी शब्द देतो.”

तो शब्द खरा होता, हे तिला माहीत होतं. गुरुबसव दिलेला शब्द पाळायचे. दोन ओळी लिहायच्या. हंगाम मिळेल, परीक्षा मिळेल. शिवय्यानं तिच्यापुढं कागद सरकवला, पेनही ठेवलं. तिनं पेन उचललं. मागं घेते असं लिहायचं तर आधी ती विनंती केली होती असं होईल. आणि मग ती केली होती. कायमची. पुढं कधीही कुणी फाइल उघडली तर तिथं एक बाई असेल, जिनं कमलनगरचा सामना झाल्यावर घाबरून टेबल मागितलं आणि नंतर परीक्षेसाठी विचार बदलला. ती बाई या फाइलीत राहील, वाढेल, निवृत्त होईल, आणि अंबिका तिच्याबद्दल काही करू शकणार नाही. तिनं कागदावर लिहिलं ते दुसरंच: मी अशी कोणतीही विनंती केलेली नाही; माझी कोऱ्या कागदावरची सही वापरण्यात आली आहे; चौकशी व्हावी. या वेळी तिनं मजकुराला अगदी चिकटून सही केली आणि म्हणाली, “आवक क्रमांक टाकून पोच द्या.”

पोच मिळायला दोन शनिवार गेले. पहिल्या शनिवारी आवक रजिस्टर सचिवांच्या घरी होतं. दुसऱ्या शनिवारी रजिस्टर होतं पण शिक्क्याची गादी सुकलेली होती. ती उठून बाजारात गेली आणि शाईची बाटली घेऊन आली. शिवय्यानं मान वाकवून शिक्का मारला आणि खाली आकडा टाकताना हळूच म्हणाला, “माझी बी सही हाय कपाटात, अक्का. बारा-पंधरा असतील.” मग त्यानं रजिस्टर मिटलं आणि वर बघितलंच नाही.

बसमध्ये परत येताना तिला स्नेहा आठवत होती. आठवत होती असं नव्हे. त्या पत्राच्या दिवसापासून स्नेहा तिच्या डोक्यात एका कोपऱ्यात उभीच होती आणि ती तिच्याकडं बघायचं टाळत होती. स्नेहा हुलसूरच्या शेतकऱ्याची, अंकुशरावांची मुलगी. पंच व्हायचं म्हणून तीन वर्षांपूर्वी अंबिकाच्या मागं लागली होती, आणि अंबिकानंच तिला हातवारे, नियम, उभं राहायची जागा, सगळं शिकवलं. नोंदणीच्या दिवशी कोरा कागद पुढं केला तेव्हा त्या वीस वर्षांच्या पोरीनं विचारलं होतं, “मॅडम, कोऱ्यावर कामून?” आणि अंबिका घाईत होती, बाहेर रिक्षा उभी होती. “सगळेच देतात, दे करून,” ती म्हणाली होती. पोरीनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि सही केली. कागदावर नाही, मॅडमवर विश्वास ठेवून. असे अकरा कागद. गुरुबसवांनी आपल्याशी जे केलं त्याला नाव देता येतं, पण आपण जे केलं त्याला काय म्हणायचं, हे तिला खिडकीबाहेरचे उसाचे फड मागं जाताना सुचत नव्हतं. आपण रेषेवर पाय पाहतो, पोटानं ओळखतो, आणि आपलाच पाय कुठं पडलाय ते तीन वर्षं दिसत नाही. तिनं भालकीत उतरायच्या आधीच स्नेहाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

स्नेहानं सगळं ऐकून घेतलं. मग स्नेहा म्हणाली, “माझ्या कागदावर काय लिहिलंय?”

“अजून काही न्हाई. म्हाईत न्हाई.”

“तुमी देऊ नको म्हणला असता तर मी दिला नसता.”

“व्हय.”

“मग आता काय करायलात?”

“अर्ज आता कलबुर्गीला तांत्रिक समितीकडं जाईल, चौकशीला बोलवतील. तिथं सांगणार हाय.”

“तुमचं सांगणार का आमचं बी?”

तो प्रश्न अंबिकानं स्वतःला विचारलेला नव्हता. बस फाट्यावर थांबली, कुणी तरी पोतं घेऊन चढलं. “सगळ्यांचं,” ती म्हणाली.

तांत्रिक समिती कलबुर्गीत एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर बसली होती. खाली कुणाच्या तरी साखरपुड्याची तयारी चाललेली, फुलांचा आणि फोडणीचा वास जिन्यातून वर येत होता. समितीत तिघं होते. अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापक, चष्मा कपाळावर चढवून कागद वाचणारे. एका बाजूला गुरुबसव बसले होते. त्यांनी तिला नमस्कार केला. अध्यक्षांनी सही दाखवली, तुमचीच ना म्हणून विचारलं, तिनं हो म्हटलं. मग त्यांनी इतर दोघांकडं पाहिलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं.

“हे बघा टीचर,” ते म्हणाले, “तुमचा पंच म्हणून लौकिक आम्हाला माहीत आहे. कारकुनी चूक झाली, असं आम्ही नोंदवतो. तुम्हाला मैदान मिळेल. कोऱ्या कागदाचं तेवढं अर्जातून काढा. ते बरं दिसत नाही. मंडळालाही नाही, तुम्हालाही नाही. कोऱ्या कागदावर सही करणं हा पंचाच्या गैरवर्तनाचा भाग होतो, नियम सतरा.”

नियम सतरा तिला पाठ होता. मुलींना तिनंच शिकवला होता. तिला एकदम फार शांत वाटलं. शेवटच्या चढाईच्या वेळी असं होतं, लोकांचा आवाज लांब जातो आणि फक्त पावलं दिसतात. म्हणजे इथंही तिचं म्हणणं मान्य होत होतं, जे मागितलं ते सगळं मिळत होतं, फक्त अकरा कागद कपाटात राहणार होते. तिनं मनात परीक्षेची खोली पाहिली, बंगळूरमधली, न पाहिलेली. तिच्या मनात तिथं मोठ्या खिडक्या होत्या. कोटाच्या खिशावरचं राज्य पंचाचं चिन्ह पाहिलं. ते सगळं तिनं नीट, घाई न करता पाहून घेतलं.

“सर, ते काढू नका,” ती म्हणाली. “आणखी लिहून घ्या. मी चौदा वर्षं कोऱ्या कागदावर सही दिली. तीन वर्षं अकरा मुलींकडून मीच घेतली. त्यातल्या एकीनं विचारलं होतं, कामून म्हणून. मी तिला गप्प केलं. नावं सांगते.”

“तुम्ही स्वतःवर आणायलात हे,” गुरुबसव पहिल्यांदाच जरा पुढं झुकून म्हणाले. त्यांच्या आवाजात धमकी नव्हती. अगदी काळजीच होती, आणि तिला वाटलं, या माणसाला खरंच कळत नाहीये.

“व्हय अण्णा. माझंच हाय ते.”

तिनं नावं सांगितली. समितीतला सर्वांत तरुण सदस्य लिहून घेत होता. चौथ्या नावाला त्याचा हात थांबला, कारण ते त्याच्या चुलत बहिणीचं होतं. त्यानं वर पाहिलं, मग पुन्हा लिहू लागला. खाली सनईची टेप कुणी तरी लावून पाहिली आणि बंद केली. अकरावं नाव स्नेहाचं होतं.

निकाल तीन आठवड्यांनी आला. त्यात सगळं स्वच्छ, मुद्द्यांनी लिहिलं होतं. मंडळानं जमा केलेली सर्व कोरी स्वाक्षरीपत्रं संबंधितांना समक्ष परत करावीत आणि ही पद्धत बंद करावी. अंबिका यांनी विनंती केल्याचं सिद्ध होत नाही. आणि नियम सतराप्रमाणे अंबिका यांना एक हंगाम सर्व कामांतून दूर ठेवण्यात येत आहे. सर्व कामांतून, म्हणजे टेबलही नाही. गुरुबसवांना ताकीद होती. ते सचिव राहिले. तिनं ते कन्नड आता ओठ न हलवता वाचलं. पत्र वाचून मल्लेश जिन्याच्या पायरीवर तिच्याशेजारी बसला. “चाळीस होईल की गं तुला,” एवढंच म्हणाला. ती रडली, पण थोडी, आणि कुणावर चिडून नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा जिल्ह्याच्या सामन्यांना उभी राहू शकत होती, गुडघा चालेपर्यंत. राज्य मात्र गेलं होतं. ते गेलं हे तिनं मान्य करायला दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी ती शाळेत लवकर गेली आणि मुलींना पकडीतून सुटण्याचा सराव दिला.

कागद परत करायच्या दिवशी बिदरला अकरापैकी सात जणी आल्या. पायऱ्यांखाली ओळीनं उभ्या राहून त्यांनी रजिस्टरवर सही केली आणि आपापला कागद घेतला. दोघींनी तिथंच फाडला. एकीनं घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. उशिरा पंच झालेल्या, पंचेचाळिशीच्या लिंगम्मांनी आपला कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, एवढासाच व्हय. स्नेहा अंबिकाशी बोलली नाही. पाहिलं, मान हलवली आणि हुलसूरची जीप पकडायला निघून गेली. अंबिकाला ते लागलं. लागायलाच हवं, असंही वाटलं.

डिसेंबरात भालकीत खुल्या गटाचे सामने भरले. अंबिका लोकांत बसली, लाकडी फळ्यांच्या तिसऱ्या रांगेत, मल्लेशनं घरून दिलेल्या शेंगा मांडीवर घेऊन. उपांत्य सामन्याला मैदानावर स्नेहा होती. उत्तरार्धात भालकीच्या संघाचा एक पोरगा चढाईवरून परतताना कोपऱ्यात दाबला गेला, सहा-सात अंगांचा ढीग झाला, आणि त्या ढिगाखालून एक हात मध्यरेषेकडं सरकला. पोचला की नाही? लोक उभे राहिले. अंबिकाही उभी राहिली. तिच्यापुढं कुणाचा तरी फेटा होता, बाजूला खांब. तिथून तिला काही म्हणजे काही दिसलं नाही. तिचा उजवा हात आपोआप थोडा वर आला, शेंगांची टरफलं खाली सांडली. स्नेहानं त्याला बाद दिलं. घरचा संघ, घरचे लोक. आरडाओरडा झाला, प्रशिक्षक मैदानात चालत आला, कुणीतरी रिकामी बाटली फेकली. स्नेहाचा चेहरा पांढरा पडलेला इथून दिसत होता. ती तेवीस वर्षांची होती आणि एकटी होती, आणि तिसऱ्या रांगेत तिची मॅडम बसलेली आहे हे तिला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. आता बघेल, असं अंबिकाला वाटलं. मागची तीन वर्षं प्रत्येक अवघड निर्णयानंतर ती बघायचीच, आणि अंबिका हलकेच मान हलवायची. या वेळी मान हलवायची कशी, तिला दिसलंच नव्हतं. प्रशिक्षक स्नेहाच्या अगदी समोर येऊन बोलत होता. स्नेहानं त्याचं पूर्ण ऐकून घेतलं, हातानं त्याला बाहेरची जागा दाखवली, आणि तो जाईपर्यंत तशीच उभी राहिली. तो गेला. मग तिनं विरुद्ध संघाला चढाईची खूण केली. अंबिकाकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

निर्णय बरोबर होता का, हे अंबिकाला कधीच कळणार नव्हतं. ती खाली बसली आणि पुढची चढाई पाहू लागली.